रिकाम्या महिन्यांचं गणित

ताई,
मी मूळची सांगलीची, वय 27. कॉलेजात एकांकिका केल्या, राज्य नाट्य स्पर्धेत अभिनयाचं प्रमाणपत्र मिळालं आणि तीन वर्षांपूर्वी मुंबईत आले. दीड वर्ष नुसत्या ऑडिशन दिल्या. मग एका मालिकेत नायिकेच्या नणंदेचं काम मिळालं. दिवसाला 3,500 रुपये, महिन्याला साधारण 15 दिवस शूटिंग. 11 महिने चाललं. टीआरपी घसरला, कथेनं वळण घेतलं आणि माझं पात्र लग्न होऊन परदेशी गेलं. मला आठ दिवस आधी कळलं. त्याला आता सात महिने झाले. शेवटच्या दोन महिन्यांचे पैसे अजून आलेले नाहीत. काम चालू असताना गोरेगावात 22,000 भाड्याची खोली एकटीनं घेतली होती, ती सोडून पुन्हा तिघींच्या खोलीत आले आहे.
कलाकारांना काम मिळवून देणारा एक कोऑर्डिनेटर म्हणतो, 40,000 दे, पोर्टफोलिओ करून देतो आणि नव्या मालिकेत लीड नक्की. परवा एका ऑडिशनला नावाआधी फॉलोअर्स किती ते विचारलं. एका व्यावसायिक नाटकात छोटी भूमिका विचारली आहे, पण नाईट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, अगदी कमी आहे आणि उद्या मालिका आली तर तारखांत अडकून पडेन अशी भीती वाटते. बाबा म्हणतात, आता पुरे, परत ये, बी.एड. कर. मी थांबू की परत जाऊ? माझ्यात काही कमी आहे का, एवढं तरी सांगा.
तुमची,
वाट पाहणारी

प्रिय मुली,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचे प्रश्न तू त्याच्याच ओझ्याखाली लिहिलेस असं मला वाटलं. तुझं काम मी पाहिलेलं नाही, त्यामुळे तू किती चांगली नटी आहेस ते मला सांगता येणार नाही. पण सात महिने काम नसणं हा त्याचा पुरावा नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. मालिकेत पात्र परदेशी जातं, पायऱ्यांवरून पडतं, माहेरी राहायला जातं. ते कुणाला पाठवायचं हे टेबलावर ठरतं, आणि त्या टेबलावर तुझ्या अभिनयाची चर्चा बहुधा झालेलीही नसते. एका पात्राचे महिन्याचे दिवस वाचले तर सेटच्या खर्चात किती फरक पडेल, एवढंच तिथे बघतात. तुला आठ दिवस आधी तरी कळलं. एका संध्याकाळी पॅकअपनंतर "उद्यापासून कॉल नाही" असं ऐकून साडीच्या घड्या घालत बसलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

1988 साली मी चिपळूणहून मुंबईला आले तेव्हा माझी पहिली नाईट 75 रुपये होती. त्यानंतर या धंद्यात मी कायम टिकून आहे, पण सलग कधीच काम केलेलं नाही. सगळ्यात लांब खंड 20 महिन्यांचा होता. मी 34 वर्षांची होते. नायिकेच्या मैत्रिणीसाठी मोठी आणि आईसाठी लहान, असं तोंडावर सांगितलं जायचं. त्या 20 महिन्यांत मी जे शिकले ते आधीच्या दहा वर्षांत शिकले नव्हते: आपलं करिअर काम चालू असताना ठरत नाही, ते दोन कामांच्या मधल्या दिवसांत ठरतं. काम चालू असताना जगणं सोपं असतं. कॉल टाइम, म्हणजे सेटवर पोहोचायची वेळ, येतो, गाडी येते, कपडे प्रॉडक्शनचे, जेवण प्रॉडक्शनचं. खरी परीक्षा कॉल टाइम येत नाही त्या सकाळची असते.

म्हणून आधी पैशाचं बोलू. आपल्याकडे कलेच्या गप्पांत पैशाचा विषय काढणं कमीपणाचं समजतात आणि त्यात नव्या मुली बुडतात.

कागद-पेन घे. 15 दिवस गुणिले 3,500, म्हणजे महिन्याचे 52,500. त्यातून 10 टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापला जाणारा आयकर, जातो, 5,250. कोऑर्डिनेटरनं काम आणलं असेल तर त्याचं कमिशन. 10 टक्केच धरू, आणखी 5,250. हातात 42,000. तू मात्र मनात 52,500 धरलेस आणि 22,000 ची खोली घेतलीस. तुला दोष देत नाही, माझ्याकडून याहून मोठी चूक झाली आहे. पण पुढचं गणित बघ. 11 महिन्यांचे 42,000 प्रमाणे 4,62,000 होतात. ते 11 महिन्यांनी भागायचे नाहीत. कामाचे 11 आणि रिकामे 7, अशा 18 महिन्यांनी भाग. महिन्याला साधारण 25,700 येतात. आणि मुंबईत आल्यापासूनच्या तीनही वर्षांनी, म्हणजे 36 महिन्यांनी भागलेस तर 12,800 च्या आसपास. तुझा खरा पगार हा आहे. रोजचे 3,500 हा आकडा फक्त दर आहे.

हे वाचून घाबरू नकोस. हा आकडा एकदा डोळ्यांसमोर ठेवला की निर्णय सोपे होतात. इथून पुढे काम मिळेल तेव्हा हातात आलेल्या रकमेचा निम्मा भाग दुसऱ्या खात्यात टाकायचा आणि त्या खात्याचं कार्ड खोलीत ठेवून बाहेर पडायचं. भाड्यावर महिन्याला 9,000-10,000 च्या वर जायचं नाही, मालिका कितीही जोरात असली तरी. खोलीत तिघी असणं हे अपयश मानू नकोस. दादरच्या एका चाळीत आम्ही चौघी एका खोलीत पाच वर्षं राहिलो. त्यातल्या तिघी आजही काम करतात.

आता तुझ्या अडकलेल्या पैशांकडे वळू. मालिकेचं पेमेंट कामानंतर 90 दिवसांनी येतं हे तुला एव्हाना माहीत आहे. म्हणजे पहिला धनादेश येईपर्यंत चौथा महिना उजाडतो, आणि काम थांबल्यावरही तीन महिने पैसे येत राहतात. बऱ्याच मुलींना त्या तीन महिन्यांत काम चालूच असल्याचा भास होतो. तुझ्या बाबतीत 90 दिवस उलटूनही चार महिने झाले. हे लांबलं नाही, थकलं आहे. दोन्हींत फरक आहे. लांबलेल्या पैशाला फोन पुरतो, थकलेल्या पैशाला कागद लागतो.

तर कागद जमव. करारपत्राची प्रत तुझ्याकडे आहे का? नसेल तर आजच मेल करून माग. त्या दोन महिन्यांचे कॉल टाइमचे मेसेज व्हॉट्सॲपवर असतील, त्यांचे स्क्रीनशॉट काढ. कोणत्या तारखेला किती वाजता सेटवर पोहोचलीस, पॅकअप कधी झालं, याचा तक्ता बनव. मग प्रॉडक्शनच्या अकाउंट्स विभागाला एक साधं, नम्र पत्र मेलने पाठव: इतके दिवस काम, इतकी रक्कम, करारानुसार देय तारीख अमुक, कृपया पंधरा दिवसांत द्यावी. चिडून लिहू नकोस, रडूनही लिहू नकोस. फोनवर "बघतो, करतो" म्हणणारी माणसं मेलला बऱ्याचदा उत्तर देतात, कारण मेल उद्या कुठेही दाखवता येतो. पंधरा दिवसांत हललं नाही तर संघटनेकडे जा. चित्रपट आणि दूरचित्रवाणी कलाकारांची सिंटा ही संघटना 1958 पासून आहे आणि थकलेल्या मानधनाच्या तक्रारी हे तिच्या कामातलं एक मोठं काम आहे. तू सभासद नसशील तर पहिलं काम मिळालं तेव्हाच व्हायला हवं होतंस, पण अजूनही हो. वर्गणी भरताना जड वाटेल. एकट्या मुलीनं निर्मात्याच्या दारात उभं राहणं त्याहून जड असतं.

हे मी पोटतिडकीनं सांगते त्याला कारण आहे. नव्वदच्या दशकात माझी एक मालिका अर्ध्यात बंद पडली आणि साडेतीन महिन्यांचे पैसे बुडाले. माझ्याकडे एक चिठोरंही नव्हतं. निर्माते भेटले की प्रेमानं चौकशी करायचे, घरच्यांना नमस्कार सांगा म्हणायचे. मला माणसांवर विश्वास ठेवायचा होता म्हणून मी लिहून घेतलं नाही. त्या दिवसापासून माझ्या पर्समध्ये एक वही असते. तारीख, कॉल, पॅकअप, सीन किती, बोललेली रक्कम, मिळालेली रक्कम. अशा 30 वह्या झाल्या आहेत आणि तीन वेळा माझे अडकलेले पैसे त्या वहीनं सोडवून आणले.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस, म्हणून मीच विचारते. आयकराचं विवरणपत्र भरलंस का? तुझे 10 टक्के टीडीएस म्हणून कापले गेले. 11 महिन्यांचे 57,750 होतात. तुझं उत्पन्न इतकं कमी आहे की बहुधा तुला करच लागू होणार नाही, आणि मग ही रक्कम परत मिळते, पण विवरणपत्र भरलं तरच. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर तुझ्या पॅनवर किती कर जमा दिसतो तो आधी पाहा. प्रॉडक्शननं कापून भरलाच नाही, असंही कधी कधी उघड होतं. मुदत टळली नसेल तर या आठवड्यात एखाद्या सीएकडे जा, हजार-दीड हजार घेईल. तुझे काही महिने भागतील एवढे पैसे कदाचित तिथे पडून आहेत, आणि तू 40,000 कुठून उभे करू याचा विचार करते आहेस.

त्या 40,000 बद्दल फार लिहीत नाही. देऊ नकोस. काम देणारा माणूस कलाकाराकडून आधी पैसे घेत नाही. कोऑर्डिनेटरचं कमिशन काम झाल्यावर, मिळालेल्या मानधनातून जातं. कास्टिंगची माणसं ऑडिशनचे पैसे घेत नाहीत. लीड कोण हे चॅनेल, निर्माता, लेखक मिळून लूक टेस्ट आणि मॉक शूटनंतर ठरवतात; ते "नक्की करून देतो" म्हणणाऱ्याच्या हातात काहीच नसतं. आणि फोटोंचं म्हणशील तर चार साधे फोटो पुरतात: समोरून, दोन्ही बाजूंनी, पूर्ण उंचीचा. बिनमेकअपचे, खिडकीच्या उजेडात, मैत्रिणीनं फोनवर काढलेले. नणंदेसाठी लावलेला तो खोटा अंबाडा आणि भरजरी साडीतले फोटो आता प्रोफाईलवरून काढून टाक. कास्टिंग करणाऱ्याला तुझा चेहरा बघायचा असतो, त्यांना तू अजून तीच नणंद दिसते आहेस.

हाच माणूस उद्या रात्री उशिरा मीटिंगला बोलावेल, किंवा "निर्मात्यांना लोणावळ्याला भेटायचंय" म्हणेल, तर जायचं नाही. ऑडिशन दिवसा होते, ऑफिसात होते, तिथे इतर मुली-मुलगे बसलेले असतात. ऑडिशनची ऑफिसं असलेल्या आरामनगरच्या गल्ल्यांतून तू फिरली आहेसच, खरी जागा कशी असते ते तुला कळतं. कुणी अंगचटीला आलं तर 2013 चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा तुझ्यासारख्या रोजावर काम करणाऱ्या मुलीलाही लागू आहे. मोठ्या संस्थेत अंतर्गत समिती असावी लागते. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते. आमच्या वेळी यातलं काही नव्हतं. आम्ही एकमेकींना कुणाच्या गाडीत बसायचं नाही ते कुजबुजत सांगायचो, तेवढंच.

फॉलोअर्सचा प्रश्न. विचारतात, हे खरं आहे, आणि मला ते दुखतं. पण त्यावर रडत बसून तुझा उपयोग नाही. विकत घेऊ नकोस, ते लगेच ओळखू येतं. आठवड्यातून एकदा दोन मिनिटांचं काहीतरी तुझ्या सांगलीकडच्या बोलीत कर: आजीनं सांगितलेला किस्सा, बाजारातलं एखादं भांडण, एखादं स्वगत. ते जितक्या लोकांनी बघायचं तितके बघतील, पण कास्टिंगवाल्याच्या हाती तुझ्या बोलीचा नमुना राहील. कोल्हापूर-साताऱ्याकडच्या मालिकांचं चित्रीकरण आता तिकडे जाऊन होतं आणि त्यांना ती बोली जिभेवर असलेली माणसं लागतात. मुंबईत आल्यावर "शुद्ध बोल" म्हणून तुला कुणीतरी टोकलं असेल. प्रमाण मराठी शिकायची आणि आपली बोली जपायची. दोन्ही असतील तर भूमिका दुप्पट होतात.

आता नाटक. तुझ्या पत्रात ही ओळ तू इतकी खाली लिहिलीस की मला वाटलं, तुला उत्तर माहीत आहे. नाटक घे, मुली. आज संध्याकाळी फोन कर.

तू नाईट कमी म्हणतेस. असेल. छोट्या भूमिकेची नाईट कमीच असते आणि महिन्याला आठ-दहा प्रयोग लागले तरी त्यावर मुंबईत घर चालत नाही, हे मी लपवणार नाही. पण नाटक तुला जे देतं ते मालिकेच्या 11 महिन्यांत मिळत नाही. मालिकेत तू सीन हातात आल्यावर वीस मिनिटांत पाठ केलास, तीन कॅमेऱ्यांसमोर बोललीस आणि विसरलीस. कारण विसरलीच नाहीस तर दुसरा सीन डोक्यात मावत नाही. त्या कामाचीही एक ताकद लागते, मी ती कमी लेखत नाही. पण नाटकात एकच वाक्य तू 50 वेळा म्हणशील. शिवाजी मंदिरला ते जिथे हशा घेईल तिथे ठाण्याच्या गडकरी रंगायतनला शांतता पसरेल, आणि पुण्याला बालगंधर्वला तिसरंच काही होईल. का झालं असेल, याचा विचार करत तू बसमधून परत येशील. तो विचार म्हणजे तुझं शिक्षण. एका रात्री वाक्य पडेल, दुसऱ्या रात्री उचललं जाईल, आणि तुला कळेल की तू फक्त अर्ध्या श्वासाचा थांबा बदलला होतास. हे कुठल्याही वर्कशॉपमध्ये पैसे देऊन मिळत नाही.

शिवाय नाटक बघायला माणसं येतात. साधी गोष्ट आहे, पण विसरली जाते. लेखक येतात, मालिकांचे दिग्दर्शक येतात, इतर नट सुट्टीच्या दिवशी येतात आणि प्रयोगानंतर मेकअप रूममध्ये डोकावतात. माझी आजवरची निम्मीअधिक कामं ऑडिशनमधून आलेली नाहीत. कुणीतरी मला दुसऱ्या रांगेतून पाहिलं होतं म्हणून आली. खोलीत बसून फोनची वाट पाहणाऱ्या नटीला लोक विसरतात. त्यात त्यांचा दुष्टपणा नसतो, त्यांच्यासमोर रोज शंभर चेहरे येतात.

तारखांची भीती खरी आहे, पण तिच्यावर रस्ता आहे. नाटकाचे प्रयोग मुख्यतः शनिवार-रविवारी आणि सुट्टीला लागतात, आणि नाट्यगृहांच्या तारखा आधी वाटल्या जातात, त्यामुळे व्यवस्थापकाकडून पुढच्या तारखा तुला मिळू शकतात. मालिका आली तर करार करण्याच्या आधी, सही व्हायच्या आधी, त्या तारखा लेखी द्यायच्या. सहीनंतर सांगितलंस तर ती अडचण होते, आधी सांगितलंस तर ती अट होते. मराठीतली कितीतरी माणसं दिवसा घोडबंदरला शूटिंग आणि रात्री प्रयोग असं वर्षानुवर्षं करत आली आहेत. करारातलं एक कलम मात्र डोळे उघडे ठेवून वाच: मालिका चालू असताना दुसरं काम करायला परवानगी लागेल, असं. त्यात "नाटक वगळून" एवढे दोन शब्द घालून माग. नेहमी मिळत नाहीत, पण मागितल्याशिवाय कधीच मिळत नाहीत. आणि नाटकाच्या निर्मात्यालाही आजच खरं सांग की मालिका आली तर आउटडोअरच्या दिवसांत माझ्या जागी बदली कलाकार लागेल. छोट्या भूमिकेला बदली तयार करणं सोपं असतं. मोठ्या भूमिकेत ही मुभा नसती, हेही लक्षात घे.

रोजच्या खर्चासाठी नाटकाच्या जोडीला दुसरं काहीतरी लागेलच. इथे मी तुला थोडा इतिहास सांगते, कारण तुमच्या पिढीला कुणीतरी असं पटवून दिलंय की नोकरी करणारा नट म्हणजे अर्धा नट. अशोक सराफ स्टेट बँकेत होते. प्रशांत दामले बेस्टमध्ये नोकरी करून नाटकं करायचे, आणि नोव्हेंबर 2022 मध्ये त्यांचा 12,500 वा प्रयोग झाला. निळूभाऊ फुले पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे डॉक्टर. त्यांनी 1969 साली, चाळिशी ओलांडल्यावर, पूर्णवेळ नट व्हायचं ठरवलं. तू 27 व्या वर्षी उशीर झाला म्हणून घाबरतेस! यांच्यातल्या कुणाची नोकरी त्यांच्या अभिनयाच्या आड आली नाही. उलट महिन्याच्या महिन्याला पैसे येत होते म्हणून त्यांना नको ती भूमिका नाकारता आली. नाकारता येणं ही आपल्या धंद्यातली सगळ्यात मोठी श्रीमंती आहे.

आता तुला नऊ ते सहाची नोकरी शक्य नाही, कारण ऑडिशनचा निरोप सकाळी येतो आणि दुपारी पोहोचायचं असतं. पण आवाजाचं काम शक्य आहे. दक्षिणेतले सिनेमे आणि मुलांचे कार्यक्रम मराठीत डब होतात, ऑडिओ बुक्स होतात, त्यांना स्पष्ट वाचणारी माणसं लागतात. मी माझ्या त्या 20 महिन्यांत डबिंगवर जगले. सुरुवातीला गर्दीतला आवाज करायचे, "धावा, धावा" आणि "अरे देवा". नंतर नावं असलेली पात्रं मिळाली. त्यात मला दुसऱ्याच्या ओठांवर आपला श्वास बसवायची सवय लागली, ती पुढे कॅमेऱ्यासमोर फार कामी आली. एप्रिल-मे महिन्यांत मुलांची नाट्यशिबिरं असतात, शाळांची स्नेहसंमेलनं डिसेंबरच्या आसपास येतात आणि ती बसवून द्यायला शाळा माणसं शोधत असतात. लग्नसमारंभांचं, सभांचं निवेदन आहे. शोरूममध्ये उभं राहायची वेळ आली तरी लाजू नकोस, पण आवाज आणि माणसं यांच्याशी संबंध येईल असं काम आधी शोध.

आणि रोज सकाळी, काम असो नसो, एक तास स्वतःचा. मोठ्यानं वाच. गद्य वाच, ओव्या वाच, वर्तमानपत्राचा अग्रलेख वाच. आवाज वापरला नाही की तो बसतो, आणि बसलेला आवाज घेऊन सात महिन्यांनी ऑडिशनला गेलीस की तू मनातून आधीच हरलेली असतेस. घरून पाठवायच्या ऑडिशनची तयारी आधीच ठेव: कुठली भिंत, कुठल्या वेळी उजेड चांगला, समोरची वाक्यं कुठली मैत्रीण वाचणार. निरोप आल्यापासून तीन तासांत व्हिडिओ गेला पाहिजे. दहा वेळा करून उत्तम पाठवण्यापेक्षा तिसऱ्या वेळचा चांगला पाठव.

आता तुझे बाबा.

त्यांच्यावर रागावू नकोस. सांगलीच्या माणसाला नाटकाचं वावडं असेल असं मला वाटत नाही; 1843 साली विष्णुदास भाव्यांनी तुमच्याच गावात सुरुवात केली. तुझ्या बाबांना नाटकाचा राग नाही, त्यांना भीती वाटते. ते बी.एड. म्हणतात तेव्हा त्यांना शिक्षिका हवी आहे असं नाही, महिन्याच्या एक तारखेला आपल्या मुलीच्या खात्यात काहीतरी येईल एवढीच खात्री हवी आहे. तू त्यांना आजवर काय सांगितलंस? मला वाटतं, काम चालू असताना सगळं छान आणि काम गेल्यावर "बघतेय, होईल काहीतरी". माझ्या वडिलांशी मी हेच केलं. ते 1994 साली गेले. मी काय करते, मला किती मिळतं, माझा महिना कसा जातो, हे मी त्यांना कधी नीट बसून सांगितलं नाही. मला वाटायचं, मोठं काम मिळालं की सांगू.

म्हणून वर केलेलं ते गणित त्यांच्यासमोर मांड. थकलेले 84,000, आयकरातून येऊ शकणारे 57,750, नाटकाची नाईट, डबिंगमधून काय मिळेल त्याचा अंदाज, भाडं, डबा, लोकलचा पास. सगळं. आणि त्यांना वर्षाची मुदत मागू नकोस. आपल्याकडे सगळे "एक वर्ष देते स्वतःला" म्हणतात, मी त्याच्या विरुद्ध आहे. वर्ष कसंही जातं आणि शेवटच्या महिन्यात एखादी आशा लागतेच. मुदत पैशाची ठेव: दुसऱ्या खात्यात तीन महिन्यांचा खर्च असेल तोवर मुंबईत, त्याखाली गेलं की सांगलीला जायचं, मिळेल ते काम करून खातं भरायचं आणि परत यायचं. कर्ज काढून एकही दिवस राहायचं नाही, मैत्रिणीकडून उसने घेऊनही नाही. दोन-चार महिने गावी राहून आलेली नटी कमी होत नाही. कर्जात असलेली नटी मात्र कुठल्याही कागदावर सही करते, कुठल्याही मीटिंगला जाते. त्या अवस्थेला मी तुला पोहोचू देणार नाही, निदान माझ्या शब्दांपुरतं तरी.

बी.एड. वाईट नाही. पण ते आज, हरल्याच्या भावनेतून करू नकोस. दोन वर्षं वर्गात बसून तू रोज मुंबईचा विचार करशील आणि शिकवणंही धड व्हायचं नाही. नाटक घेऊन, पन्नास प्रयोग करूनही तुला आतून वाटलं की आता मुलांसमोर उभं राहायचंय, तर खुशाल कर. तेव्हा ती निवड असेल.

व्यावसायिक नाटक उभं राहिलं की दौरा निघतो, आणि दौरा निघाला की कोल्हापूर-सांगली बहुतेक वेळा लागतंच. तुमच्याकडच्या भावे नाट्यमंदिरात प्रयोग ठरला की व्यवस्थापकाला आधीच सांगून दोन खुर्च्या राखून ठेव, फार पुढच्या नकोत, सहाव्या-सातव्या रांगेत, जिथून पूर्ण रंगमंच दिसतो. भूमिका छोटी आहे हे बाबांना अगोदर सांग, म्हणजे ते उगाच पहिल्या प्रवेशापासून तुला शोधत बसणार नाहीत. प्रयोग संपल्यावर त्यांना आत घेऊन ये, मेकअप उतरवायच्या आधी. नेपथ्य काढणारी मुलं, कपड्यांच्या पेट्या भरणारे मामा, बसची वेळ सांगत फिरणारे व्यवस्थापक, सगळ्यांशी ओळख करून दे आणि त्यांना तिथे थोडा वेळ बसू दे.

पहिल्या प्रयोगाची तारीख मला कळव. मुंबईत असेन तर येईन.

तुझी,
ताई